सुगराबीच्या माश्यांना शिवलेली रजई

यावलच्या जुन्या बाजारात नूर महंमद पिंजाऱ्याचं दुकान शोधायला पाटी लागत नाही. दुकानापुढचा कडुनिंब बाराही महिने पांढरट दिसतो. पानापानावर रुईची लव बसलेली असते. पाऊस पडून गेला की चार दिवस झाड हिरवं होतं आणि पाचव्या दिवशी पुन्हा म्हातारं दिसायला लागतं. त्या झाडाखाली बसून नूर महंमदच्या आज्यानं कापूस पिंजायची धनुष्यासारखी पिंजण वाजवली, बापानं वाजवली, आणि वीस वर्षांचा होईपर्यंत त्यानं स्वतःही वाजवली. पुढे विजेचं मशीन आलं आणि पिंजण भिंतीवर टांगली गेली. पण चिमूटभर कापूस बोटांत धरून तो काळ्या जमिनीतला की मुरमाडातला, हे नूर महंमद आजही सांगतो. सांगतो म्हणजे कुणी विचारलं तर.

माणूस मूळचाच कमी बोलणारा. घरातलं बोलणं सगळं बायकोकडे, सुगराबीकडे होतं. गिऱ्हाईक आलं की ती पडद्याआडून विचारायची, रजई कुणाला हवी, म्हाताऱ्याला की नव्या नवरीला, आणि त्यावर कापूस किती घालायचा ते ठरायचं. नूर महंमद फक्त शिवायचा. बत्तीस वर्षं त्या दोघांचं दुकान असं चाललं.

गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस सुगराबीला ताप आला. दोन दिवस घरीच काढले, तिसऱ्या दिवशी जळगावला नेलं आणि त्याच दिवशी संध्याकाळी परत आणलं. सगळी गल्ली दारात उभी होती. नूर महंमदनं जे करायचं ते सगळं नीट केलं. कबरस्तानात माती दिली, आलेल्या माणसांना बसवलं, गेलेल्यांना दारापर्यंत पोचवलं. रडू मात्र आलं नाही. पहिल्या दिवशी त्याला वाटलं, उद्या येईल. चार दिवसांनी वाटलं, सगळी माणसं गेली की येईल. माणसं गेली. तो खाटेवर बसला, समोरच्या भिंतीकडे बघत राहिला, आणि थोड्या वेळानं त्याच्या ध्यानात आलं की आपण भिंतीच्या पोपड्यांचे आकार बघतोय.

धुळ्याला दिलेली मुलगी, नौशीन, त्याच्या खांद्यावर डोकं ठेवून रडली तेव्हा त्यानं तिची पाठ थोपटली. थोपटताना त्याला कळलं की गादीत कापूस बसवायला हात जसा पडतो तसाच तो पडतोय. त्याला लाज वाटली. लाज तरी वाटली, असंही त्याला वाटलं. मग तेही गेलं.

आता माश्यांचं सांगतो.

दहा वर्षांपूर्वी बायकांच्या बचत गटात मधमाश्या पाळायचं शिक्षण द्यायला कुणी आलं होतं. बाकीच्या बायका चहा पिऊन परतल्या, सुगराबी दोन पेट्या घेऊन आली. आपल्याकडच्याच सातेरी माश्या, सातपुड्यातल्या झाडांच्या ढोलीत राहतात त्या. गल्लीनं आधी हसून घेतलं, मग एका पोराला माशी चावली तेव्हा भांडूनही घेतलं. शेवटी पेट्या गावाबाहेर तोताराम पाटलांच्या शेताच्या बांधावर गेल्या. तोताराम पाटलांना सगळे नाना म्हणतात. केळीचा माणूस, पण दरवर्षी विहिरीजवळच्या दोन एकरांत टरबूज लावायचा. पेट्या आल्या त्या वर्षी त्याची टरबुजं अशी काही धरली की पुढे कुणी माश्यांना नाव ठेवलं तर नाना त्याला बांधावर उभा करत नसे.

सुगराबी रोज दुपारी तीनला बांधावर जायची. नूर महंमद कधी कधी तिच्याबरोबर चालत जायचा, पण पेटीपासून दहा पावलांवर थांबायचा. त्याला माश्यांची भीती नव्हती आणि प्रेमही नव्हतं. त्या तिच्या होत्या.

चाळीसाव्याला नौशीन म्हणाली, अब्बा, इथं आता तुम्हाला कोण आहे. धुळ्याला वरच्या मजल्यावर खोली आहे, चला. नूर महंमदनं उत्तर शोधलं. आत काहीच हाताला लागेना. मग जिभेवर जे पहिलं आलं ते बोलला.

"माश्या आहेत."

नौशीन आईसारखीच, शब्दाला पक्की. तिनं डोळे पुसले आणि तिथल्या तिथं सौदा केला. अम्मीच्या दोन्ही पेट्या हिवाळ्यातून निघाल्या तर मी पुन्हा विषय काढणार नाही. नाही निघाल्या तर फाल्गुनात येईन आणि हाताला धरून नेईन. मग ना दुकान, ना यावल.

नूर महंमदनं मान हलवली. त्याला राहायचं होतं की जायचं होतं, ते त्यालाही सांगता आलं नसतं. धुळ्याची ती खोली त्यानं पाहिली होती. स्वच्छ होती. तिथं करण्यासारखं काही नव्हतं. एवढंच त्याला ठाऊक होतं, आणि दुसऱ्या दिवसापासून दुपारी तीनला तो बांधावर जायला लागला.

दिवाळी गेली. डिसेंबर अर्धा सरला आणि सातपुड्याकडून वारा उतरायला लागला. आमच्या भागात थंडी पडली की माणूस स्वतःच्या आधी केळीकडे बघतो. पारा दहाच्या खाली गेला की केळीची वाढ थांबते, पानं पिवळी पडतात, घड काळवंडतो. म्हणून घडांना पिशव्या घालायच्या, पहाटे विहिरीचं पाणी सोडायचं, बांधावर पाचोळा पेटवून धूर धरायचा. त्या आठवड्यात नानाच्या शेतात दिवसभर हेच चाललं होतं. नूर महंमद बांधावर उभा राहून बघत होता. घडाघडाला झबलं चढवलेलं, आणि पेट्या तेवढ्या उघड्या.

त्या रात्री त्याला काही सुचलं नाही, दुसऱ्या दिवशी सकाळी सुचलं. सकाळी त्यानं दुकान उघडलं आणि उत्तम रुई काढली. लांब धाग्याची, स्वच्छ, एकही सरकी नसलेली. ती दोनदा पिंजली. जाडसर मांजरपाटाच्या दोन खोळी शिवल्या, पेटीच्या बरोबर मापाच्या, चार बाजू आणि वरचं झाकण. टाके इतके जवळ घातले की सुई फिरवायला जागा राहिली नाही. सुगराबी गेल्यापासून इतकं चांगलं काम त्याच्या हातून झालं नव्हतं. त्याला त्याचा आनंद झाला असं नाही. हात चालत होते, आणि हात चालत असताना दिवस जातो.

दोन्ही रजया घेऊन तो बांधावर गेला. पेटीच्या फळ्यांच्या फटींत त्यानं कापसाच्या वाती कोंबल्या आणि वरून खळ लावली. मागच्या बाजूला झाकणाखाली दोन बोटं रुंद भोक होतं, त्यावर जाळी. सुगराबी ते कधी बुजू द्यायची नाही, हे त्यानं पाहिलं होतं. का, ते कधी विचारलं नव्हतं. पिंजाऱ्याच्या डोक्यात थंडी ही भोकातून येणारी वस्तू असते. त्यानं त्या भोकात कापसाचा घट्ट बोळा बसवला. खाली माश्यांची ये-जा होण्यापुरती बोटभर फट ठेवली. वरून रजई चढवली.

नाना आला. रजई बघून हसला.

"नूरभाई, इतकी झ्याक रजई तं माह्या जावयालेबी नाही देल्ली तू."

मग तोच म्हणाला की दहिवरानं कापूस भिजेल, आणि शेतातल्या मांडवातून घडांच्या जुन्या प्लॅस्टिकच्या पिशव्या घेऊन आला. आता पांढऱ्या कापडासारख्या पिशव्या येतात, त्या आधी निळ्या प्लॅस्टिकच्या यायच्या, त्यातल्या उरलेल्या. दोघांनी मिळून पेट्यांना निळी पिशवी घातली, खालची फट तेवढी मोकळी ठेवली आणि सुतळीनं आवळली. घडाला आवळतात तशीच. लांबून बघितलं तर केळीच्या बागेत दोन बुटके घड जमिनीवर ठेवल्यासारखे दिसत होते.

दोघांचा हेतू चांगला होता. दोघंही आपापल्या धंद्यात पक्के होते. चूक झाली ती तिथंच.

पुढचे दहा दिवस थंडी वाढतच गेली. नूर महंमद रोज तीनला जायचा, पिशवीवरून हात फिरवायचा, परत यायचा. पेटी उघडली नाही. थंडीत उघडू नये, हे सुगराबीच्या तोंडून त्यानं ऐकलेलं. अकराव्या दिवशी नानाचा फोन आला. पहिल्या पेटीच्या तोंडाशी मेलेल्या माश्या पडल्यात, ओल्या आहेत, लवकर ये.

सुतळी सोडली, पिशवी काढली. रजई आतल्या बाजूनं चिंब होती. हातात धरली तर पिळावी इतकी. झाकण उचललं तेव्हा त्याच्या खालच्या अंगाला पाण्याचे थेंब ओळीनं लटकत होते, आणि झाकण कलतं झालं तसे ते टपटप पोळ्यांवर पडले. पोळ्यांच्या कडेला हिरवट बुरशी. मधोमध दोन मुठी माश्या एकमेकींना चिकटून, अंगावरची लव चापून बसलेली. त्यानं काडीनं ढकललं. गठ्ठा तसाच्या तसा खाली पडला.

नानानं डोक्यावरची टोपी काढली. माणूस गेल्यावर काढतात तशी.

दुसऱ्या पेटीतही तेच पाणी होतं, पण बुरशी नव्हती. माश्या पोळ्यांमध्ये घोस करून बसलेल्या आणि हलत नव्हत्या. नूर महंमदनं बराच वेळ बघितलं. एकीचाही पाय हलला नाही. त्याला वाटलं, संपलं. त्याच्याबरोबर धुळ्याची ती खोली डोळ्यापुढे आली, खिडकीसकट. वाईट वाटलं का? त्यानं आत बघितलं. आत तसंच होतं, नुसती जागा.

तरी त्यानं खिशातून सुगराबीचा फोन काढला. तो फोन त्यानं बंद पडू दिला नव्हता, दर दोन दिवसांनी चार्ज करायचा, का ते माहीत नव्हतं. त्यात अमळनेरच्या ज्योत्स्ना मॅडमचा नंबर होता. मॅडम अमळनेरच्या जुन्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवतात. दरवर्षी टरबुजाच्या हंगामात मुलांना घेऊन पेट्या बघायला यायच्या आणि सुगराबीच्या हातची भाकरी खाऊन जायच्या.

फोन उचलला गेला आणि पलीकडून हसरा आवाज आला.

"अक्का! किती दिवसांनी आठवण झाली हो."

नूर महंमद एका दमात बोलला.

"मी नूर महंमद. ती वारली, पावसाळ्यात. माश्या भिजल्यात. हलत नाहीत."

नाना त्याच्याकडे बघत होता. मॅडमनी विचारलं, आणि त्यांचा आवाज बदलला होता, ऊन आहे का. आहे म्हटलं. त्यांनी सांगितलं की एकही माशी फेकू नका. माशी मेली की गारठली हे ऊन दाखवल्याशिवाय कळत नाही. कोरडी चादर पसरा, माश्या हलक्या हातानं त्यावर सोडा, वारा लागू देऊ नका. मध असेल तर त्यात थोडं कोमट पाणी घाला आणि काडीच्या टोकानं एकेकीच्या तोंडाशी थेंब लावा. पेटी पुसून कोरडी करा.

नानाच्या मांडवातल्या खाटेवर चादर पसरली. तीनचं ऊन तिरपं पडत होतं. दोघं म्हातारे गुडघ्यांवर बसून माश्यांच्या तोंडाला काड्या लावू लागले. वीस मिनिटं काही झालं नाही. मग एकीचं पोट हललं. आत-बाहेर, आत-बाहेर, जसा धापा टाकणारा माणूस. मग जीभ बाहेर आली आणि थेंबात बुडाली. पंख मिटलेले होते, पण माशी सबंध थरथरत होती, इतकी बारीक की बघून कळत नव्हतं, बोट लावलं की कळायचं. तीन-चार मिनिटं ती तशीच थरथरली आणि एकाएकी उडाली. मग दुसरी. मग दहा.

"जित्त्या हाये रे," नाना म्हणाला. "पाह्य, तुले म्हनतो मी, जित्त्या हाये."

पहिल्या पेटीतली मात्र एकही उठली नाही. दुसरीतल्या निम्म्याहून थोड्या जास्त उठल्या. राणी सापडली, तिच्याभोवती सात-आठ जणी होत्या, तिला त्यांनी कोरडं ठेवलं होतं. सूर्य कलायच्या आत पेटी पुसून माश्या आत सोडल्या. रजई आणि पिशवी काढून टाकली. भोक बुजवणारा बोळा नूर महंमदनं उपटून खिशात घातला.

रविवारी ज्योत्स्ना मॅडम एसटीनं आल्या. आधी घरी येऊन बसल्या, सुगराबीच्या खाटेवर हात ठेवून थोडं रडल्या. नूर महंमदनं चहा केला. मग दोघं बांधावर गेले आणि मॅडमनी सगळं बघितलं, पेटी, अजून ओली असलेली रजई, निळी पिशवी. त्यांना काय झालं ते लगेच कळलं, पण सांगायला त्यांनी वेळ घेतला.

त्या म्हणाल्या, काका, माशीचे पंख हलवणारे स्नायू पंखांना बांधलेलेच नसतात. ते छातीच्या आतल्या भिंतींना बांधलेले असतात. एक जोडी उभी, एक आडवी. उभी आवळली की छाती चेपते आणि पंख वर जातात. आडवी आवळली की छाती फुगते आणि पंख खाली येतात. एक आवळली की दुसरी ताणली जाते, आणि ताणली गेली की ती आपोआप आवळते. सेकंदाला दोन-अडीचशे वेळा. आपल्या हाताला मेंदूनं एकदा सांगितलं की हात एकदा हलतो. माशीच्या स्नायूला एकदा सांगितलं की तो दहा-वीस वेळा हलतो.

नूर महंमदनं पहिल्यांदाच मान वर केली. हे त्याला कळलं. पिंजणीच्या ताणलेल्या तातीवर लाकडी ठोकळा एकदा मारला की तात कितीतरी वेळ स्वतःच थरथरत राहते, हात काही दर वेळी मारत नाही. त्यानं तसं म्हटलं. मॅडम म्हणाल्या, अगदी तसंच, फरक इतकाच की तातीचा जोर विरून जातो आणि माशीला तो सारखा पुरवावा लागतो. तो जोर मधाचा. मधातली साखर रक्तातून स्नायूंपर्यंत जाते. हवा मात्र रक्तातून जात नाही. माशीच्या अंगाच्या दोन्ही बाजूंना बारीक छिद्रं असतात, तिथून केसाहून बारीक नळ्या थेट स्नायूंत शिरतात. साखर आणि हवा तिथं भेटतात आणि साखर जळते. एवढ्या जोरात जळणारी भट्टी कुठल्याच जनावराच्या अंगात सहसा सापडायची नाही. आणि जळतं त्यातला पाचवा हिस्साही उडण्याला लागत नाही. बाकी सगळी नुसती ऊब.

"ऊब वाया जाते?" त्यानं विचारलं.

उन्हाळ्यात जाते, मॅडम म्हणाल्या. थंडीत तीच कामाची. थंडी पडली की माश्या घोस करून बसतात, पंख मिटून ठेवतात आणि छातीतल्या दोन्ही जोड्या एकदम आवळतात. पंख हलत नाहीत, माशी जागची हलत नाही, पण आत भट्टी चालू. बाहेर सहा-सात अंश असले तरी घोसाच्या मध्यात माणसाच्या अंगाइतकी ऊब असते. बाहेरच्या गारठल्या की आत सरकतात, आतल्या बाहेर येतात. मध पुरेसा असला तर आपल्याकडच्या थंडीनं त्यांचं काही बिघडत नाही.

नूर महंमदला बापाचं बोलणं आठवलं. गिऱ्हाईक म्हणायचं, मियां, रजई गरम आहे ना, तेव्हा त्याचा बाप म्हणायचा, रजई गरम नसते बाबा, झोपणारा गरम असतो, रजई फक्त राखते. हे त्याला लहानपणापासून पाठ होतं.

"मग पाणी कुठून आलं?"

मॅडमनी त्याच्याकडे बघितलं. खोटं बोलता आलं असतं, दहिवर म्हणता आलं असतं.

"लाकूड जळलं की राख होते. मध जळला की पाणी होतं, काका. किलोभर मध जाळला की अर्ध्या किलोहून जास्त पाणी. त्यांच्या श्वासातून वाफ होऊन बाहेर पडतं. वरच्या भोकातून निघून जातं. जायला वाट नसली की झाकणाला लागून थंड होतं, आणि त्यांच्याच अंगावर पडतं. मग त्या आणखी मध जाळतात, आणखी पाणी होतं."

"म्हणजे थंडीनं नाही मेल्या."

"नाही."

वाऱ्यानं केळीची पानं फाटकी फाटकी वाजत होती. नूर महंमदनं आता काहीतरी होईल म्हणून वाट बघितली. छातीत, घशात, डोळ्यांत. ओली रजई माणसाला मारते, हे पिंजाऱ्याच्या पोराला पाचव्या वर्षी कळतं, आणि त्यानं आपल्या हातानं, आयुष्यातल्या सगळ्यात सुंदर टाक्यांनी, सुगराबीच्या माश्यांना ओल्या रजईत शिवलं होतं. हे सगळं त्याला स्वच्छ समजलं. पण समजलं ते एखाद्या दुसऱ्या गावातल्या माणसाबद्दल ऐकावं तसं. त्यानं विचारलं, दुसऱ्या पेटीचं काय करायचं.

मॅडम म्हणाल्या, वरचं भोक उघडं ठेवा, आणि आतल्या झाकणाच्या जागी पाणी पिऊन घेणारं काहीतरी ठेवा. भुसा चालतो, लाकडाचा कीस चालतो. वाफ त्यात शिरेल, थेंब होणार नाही. नूर महंमद म्हणाला, कापूस. मॅडम म्हणाल्या, पण मोकळा हवा, दाबलेला नको, आणि खोळ विरविरीत हवी. त्या त्याला कापूस शिकवताहेत हे त्यांच्या ध्यानात आलं आणि त्या थांबल्या. नूर महंमदला राग आला नाही. तो म्हणाला, समजलं.

त्यानं दोन उशा केल्या, पेटीच्या तोंडाएवढ्या, मलमलच्या खोळीच्या. रुई मशीनवर नाही घातली. मशीनचा कापूस दाबून बसतो. भिंतीवरची पिंजण उतरवली, तिला नवी तात लावली आणि झाडाखाली बसून हातानं पिंजली. बाजारातली दोन म्हातारी माणसं तो आवाज ऐकून उठून आली आणि बघत उभी राहिली. रुई इतकी फुलली की फुंकरीनं उडावी.

रोज तीनला तो एक उशी काढायचा, दुसरी ठेवायचा. काढलेली ओलसर असायची, वजनानं कळायचं. ती नानाच्या मांडवाच्या पत्र्यावर वाळत घालायचा. उशी बदलताना त्याचे हात पेटीच्या तोंडावर असायचे आणि खालून येणारी ऊब तळव्यांना लागायची, माणसाच्या श्वासासारखी. जानेवारीत एका सकाळी पारा सहावर गेला. नानाच्या बागेतली वरची पानं होरपळल्यासारखी पिवळी झाली, नाना सकाळपासून बागेत पानं बघत हिंडत होता. त्या दुपारी नूर महंमदनं पेटीच्या फळीला कान लावला. आत बारीक, सलग घरघर होती. तो कान लावून तसाच राहिला. किती वेळ, ते त्याला कळलं नाही. नाना येऊन म्हणाला, नूरभाई, झोपला का काय. तेव्हा तो उठला.

फेब्रुवारीच्या अखेरीला टरबुजाचे वेल फुलले आणि नौशीन आली. धुळ्याहून सकाळच्या गाडीनं निघाली होती, एकटीच, हातात मोठी रिकामी पिशवी. आल्या आल्या तिनं पेटी बघायची म्हटलं. आईची जाळीची टोपी चढवली आणि झाकण काढलं. नूर महंमद नेहमीच्या दहा पावलांवर थांबला नाही, तिच्या शेजारी उभा राहिला आणि कोणती चौकट आधी उचलायची ते बोटानं दाखवलं. चौकट माश्यांनी भरली होती. मधल्या घरांत तांदळाच्या कणीसारखी अंडी उभी होती. खाली टरबुजाच्या पिवळ्या फुलांवर माश्या उतरत होत्या. नौशीननं चौकट परत ठेवली, टोपी काढली, आणि बांधावर बसून ती आईसाठी मोकळं रडली. नूर महंमदनं तिच्या पाठीवर हात ठेवला.

मग तिनं दुसरी, रिकामी पेटी बघितली. नानानं सगळी हकीकत सांगितली, रजई, पिशवी, पाणी, स्वतःच्या वाट्याची चूक जरा जास्तच करून.

घरी येऊन नौशीननं पिशवीत बापाचे कपडे भरले. चार कुर्ते, दोन लुंग्या, स्वेटर. नूर महंमद खाटेवर बसून बघत राहिला. पिशवीची चेन लावताना ती थांबली.

"आपलं दोन्ही पेट्यांचं ठरलं होतं, अब्बा."

"हो."

"एक गेली. म्हणजे अर्धे तुम्ही हरलात."

"एक आहे," नूर महंमद म्हणाला.

ती पुढच्या वाक्याची वाट बघत राहिली. आई असती तर या जागी दहा वाक्यं झाली असती, टोमणा झाला असता, दोघी हसल्या असत्या. बाप एवढंच बोलून गप्प बसला होता, आणि ते वाक्यसुद्धा त्यानं भांडायला म्हटलं नव्हतं. आहे ते सांगितलं होतं.

"इथं तुम्हाला बरं वाटतं?" तिनं विचारलं.

त्यानं विचार केला. खरं सांगायचं म्हणून नीट विचार केला.

"काही वाटत नाही, बेटा. अजून काहीच वाटत नाही. पण तीन वाजले की तिथं जावं लागतं. उशी बदलावी लागते. उन्हाळ्यात उशी नको, तेव्हा पाणी ठेवावं लागेल. मॅडम म्हणाल्या, जागा पुरेनाशी झाली की दुसरी पेटी करून अर्ध्या माश्या तिकडे घालायच्या. ते मला अजून येत नाही."

बाहेर मशीनवर कुणाची तरी जुनी गादी पिंजायला पडली होती. नौशीननं चेन उघडली, कुर्ते एकेक करून काढले आणि पुन्हा घड्या घालून पेटाऱ्यात ठेवले. स्वेटर मात्र वर ठेवला, सकाळी अजून गार पडतं म्हणून. मग घड्याळ बघितलं. पावणेतीन वाजले होते. ती म्हणाली, माझी गाडी पाचला आहे, चला, मीही येते. नूर महंमदनं चपला घातल्या.